स्वस्त कॉलेज आणि आमचा पलंग

जो माणूस दुसरीत असताना नाकात उकडलेले वाटाणे घालायचा, आणि ते दोन वेळा मी स्वतः चिमट्याने काढले आहेत, त्या माणसाने यंदाच्या मार्चमध्ये मला पत्र पाठवून माझं शिक्षण किती झालंय असं विचारलं. पत्राखाली सही होती, डॉ. ट्रेव्हर लीच, सुपरिंटेंडंट, शाळा मंडळ. डॉक्टर म्हणजे शिक्षणशास्त्राचा. नाकात वाटाणा अडकला तर आजही त्याला माझ्याकडेच यावं लागेल.

मी एकोणतीस वर्षं आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात आहे, त्यातली चौदा वर्षं प्रमुख म्हणून. रोज तीनशे ऐंशी ताटं. पत्रात लिहिलं होतं की मंडळाच्या नव्या नियमानुसार स्वयंपाकघराच्या प्रमुखाकडे निदान असोसिएट डिग्री, म्हणजे कॉलेजची दोन वर्षांची पदवी हवी. ती नसेल तर एक ऑगस्टच्या आत प्रवेश घेतल्याचा कागद दाखवावा. नाहीतर मला 'साहाय्यक' करण्यात येईल आणि स्वयंपाकाचं काम बाहेरच्या कंपनीला देण्याचा विचार होईल. त्या कंपनीचं जेवण मी शेजारच्या गावात खाल्लं होतं. गोठवलेल्या पुठ्ठ्याच्या थाळ्या येतात, त्या गरम करायच्या आणि वाढायच्या. त्यातली कोंबडी आणि पुठ्ठा यांत डावं-उजवं करणं कठीण होतं.

नवरा लायल म्हणाला, "अगं ट्विला, चार अक्षरं शिकून टाक. त्यात काय एवढं?" तो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्ता खात्यात आहे. हिवाळ्यात बर्फ काढतो, उन्हाळ्यात गवत कापतो, आणि जगातली सगळी कामं या दोन कामांइतकीच सरळ असतात असं त्याला वाटतं.

तर मी एप्रिलच्या एका शनिवारी सकाळी कॉम्प्युटरसमोर बसले आणि 'स्वस्त ऑनलाइन असोसिएट डिग्री' असं टाकलं. एक पान उघडलं. त्यावर एक बाई मांडीवर कॉम्प्युटर आणि कडेवर मूल घेऊन हसत होती. (मी तीन मुलं वाढवली आहेत. मूल कडेवर असताना कुणी असं हसत नाही.) खाली लिहिलं होतं, फक्त नाव, फोन नंबर आणि आवड भरा, आम्ही तुमच्यासाठी योग्य कॉलेज शोधू. मी भरलं. बटण दाबलं. बोट अजून बटणावर होतं आणि फोन वाजला.

त्यानंतर तो वाजायचा थांबलाच नाही. पहिल्या दिवशी एकोणीस कॉलेजं. सगळीकडचे सल्लागार एकाच आईच्या पोटचे असावेत इतके गोड बोलायचे. 'ट्विला, तुमचं स्वप्न काय आहे?' मी म्हणायची, स्वयंपाकघर चालवते, ते चालवत राहायचंय. मग ते म्हणायचे, वा, आणि दोन मिनिटांनी मला व्हिडिओ गेम बनवण्याचा अभ्यासक्रम सुचवायचे. एकदा मी दोनशे लोकांचा ग्रेव्हीचा टोप ढवळत होते, पिठाच्या गुठळ्या होण्याचा नेमका क्षण, आणि एक जण मला विचारत होता की पाच वर्षांनी मी स्वतःला कुठे बघते. मी म्हटलं, ग्रेव्हीत. त्याने ते लिहून घेतलं असावं, कारण पुढच्या आठवड्यात मला ग्रेव्हीबद्दल विचारणारा ईमेल आला.

फी विचारली की ते विषय बदलायचे. फार खोदलं तर आकडा सांगायचे, आणि तो ऐकून मला वाटायचं की या पैशात मी ट्रेव्हर लीचला पुन्हा एकदा बालवाडीपासून शिकवून काढला असता.

त्यात मी फोन उचलेनाशी झाले तेव्हा लायल उचलायला लागला. लायलला फोनवर बोलायला आवडतं आणि त्याला कुणी फोन करत नाही. एका संध्याकाळी मी घरी आले तर तो व्हरांड्यात बसून कुणाला तरी बर्फ काढायच्या गाडीचं पातं कोणत्या कोनात धरावं हे समजावत होता. ॲरिझोनातलं कॉलेज होतं. त्या मुलीने जन्मात बर्फ पाहिलं नव्हतं, पण तिने पाऊण तास ऐकून घेतलं आणि लायलला गुन्हेशास्त्राच्या वर्गात सशर्त प्रवेश दिला. त्याला फार आनंद झाला. ते रद्द करायला मला नऊ दिवस लागले.

माझ्या हाताखाली ग्लेंडा आहे, बेकिंगचं बघते. ती म्हणाली की कॉलेजला मान्यता आहे की नाही हे आधी बघायचं. तिच्या दिराने असंच ऑनलाइन कॉलेज केलं, पदवी आली, फ्रेम केली, आणि एकदा फ्लोरिडाला गेला असताना म्हटलं जाऊन बघावं आपलं कॉलेज, तर त्या पत्त्यावर गालिचे धुवायचं दुकान. दुकानदाराने कॉलेजचे माजी विद्यार्थी म्हणून दहा टक्के सवलत मात्र दिली.

मग मी शहाणी झाले. घरापासून चाळीस मिनिटांवर आमच्या काउंटीचं साधं सरकारी कॉलेज आहे, मेपल फोर्क. मान्यता आहे, ऑनलाइन वर्ग आहेत, 'अन्नसेवा व्यवस्थापन' नावाचा अगदी माझाच विषय आहे, आणि ओहायोच्या रहिवाशांना फी इतकी कमी की मला ती दोनदा वाचावी लागली. त्या कॉलेजचं नाव वाचून मी आधी पान बंद केलं, मग परत उघडलं. कारण होतं, पण ते मी लायललाही कधी सांगितलं नव्हतं, तेव्हा ग्लेंडाला सांगायचा प्रश्नच नव्हता. इतकी वर्षं झाली, आता कुणाकडे काय नोंद असणार, असं म्हणून मी फॉर्म भरला.

तिथल्या प्रवेश कार्यालयात मिस प्रुइट नावाच्या बाई होत्या. आवाज थंड, पण उर्मट नव्हे. शीतपेटी कशी थंड असते, तसा, कामापुरता. त्यांनी आधी माझ्याकडे गोवराची लस घेतल्याचा दाखला मागितला. मी म्हटलं, मी तर घरी बसून शिकणार आहे, माझा गोवर तारेतून येणार आहे का? त्या म्हणाल्या, फॉर्ममध्ये रकाना आहे. आमचे लहानपणचे डॉक्टर वारून बावीस वर्षं झाली होती. शेवटी मी रक्त तपासून घेतलं आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मला गोवर होणार नाही याची सरकारी हमी मिळवली. ती पाठवल्यावर मिस प्रुइटचा दुसरा फोन आला. तुम्ही ओहायोत राहत नाही, त्या म्हणाल्या. तुम्हाला बाहेरच्या राज्याची फी लागेल. तिप्पट.

आता इथे आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आमचा रस्ता हीच राज्याची सीमा आहे, त्याचं नावच स्टेट लाइन रोड. पूर्वेकडे ओहायो, पश्चिमेकडे इंडियाना. आमचं घर पूर्वेला. पण टपालवाल्याची गाडी एकाच बाजूने जाते, म्हणून सगळ्यांच्या टपालपेट्या पश्चिमेला रोवलेल्या. म्हणजे मी झोपते ओहायोत, मत देते ओहायोत, कर भरते ओहायोत, आणि विजेचं बिल आणायला चप्पल घालून इंडियानात जाते. पत्त्यात त्यामुळे पलीकडच्या गावाचं नाव येतं. एकतीस वर्षांत याचा कुणाला त्रास झाला नव्हता. मी इंडियानाच्या कॉलेजलाही फोन करून पाहिला. त्यांनी विचारलं, घर कुठे आहे? ओहायोत. मग तिप्पट. म्हणजे दोन राज्यांच्या मधोमध राहून मी दोन्हीकडची परकी झाले होते.

ही गोष्ट मी आमच्या समोर राहणाऱ्या वर्लिन फेन्स्टरमेकर यांना सांगायला नको होती. पण मी पेटीपाशी उभी होते, ते त्यांच्या पेटीपाशी उभे होते, आणि माणूस कधी कधी घसरतो. वर्लिन शहात्तर वर्षांचे, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. जन्मभर त्यांनी जमिनी मोजल्या. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून ते सल्ले देतात.

"पोरी," ते म्हणाले, "मुळात तुमचं सगळ्यांचं चुकतंय. रस्ता म्हणजे सीमा नाही. रस्ता सरकलाय. खरी रेघ तुझ्या घरातून जाते."

मी म्हटलं, वर्लिन, असू द्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते फीत, खुंट्या आणि तिकाटण्यावरचं यंत्र घेऊन माझ्या दारात हजर. दोन तास मोजमाप चाललं. लायल त्यांच्यासाठी फीत धरून उभा होता आणि त्याचा चेहरा सर्कस बघणाऱ्या मुलासारखा झाला होता. शेवटी वर्लिननी माझ्या दिवाणखान्यातल्या लाकडी फरशीवर खडूने एक रेघ मारली. रेघ सोफ्याखालून शिरून मागच्या भिंतीतून बाहेर गेली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे स्वयंपाकघर ओहायोत होतं. फ्रिज अर्धा. आणि आमची झोपायची खोली, जी रस्त्याच्या बाजूला आहे, ती अख्खी इंडियानात.

"कायदा काय बघतो माहितीये?" वर्लिन म्हणाले. "माणसाचा पलंग कुठे आहे ते. तुझा पलंग परराज्यात आहे, पोरी."

मला ते ऐकून हसायला हवं होतं. पण जून उजाडला होता. ट्रेव्हर लीचच्या कार्यालयातून 'आठवण' म्हणून दुसरं पत्र आलं होतं, आणि त्या गोठवलेल्या थाळ्यांच्या कंपनीची दोन माणसं शाळेत येऊन माझ्या भट्ट्यांची उंची मोजून गेली होती. माझ्याच समोर. त्यांतला एक माझ्या मोठ्या टोपावर बोट वाजवून म्हणाला की हे सगळं भंगारात काढता येईल. त्या दिवसापासून माझा जीव एका जागी लागत नव्हता. भाजी चिरताना उठायची, दार उघडून बघायची, परत बसायची. अशा माणसाला कुणीही काहीही पटवू शकतो.

वर्लिनच्या दोन सूचना होत्या. एक, टपालपेटी उपटून आमच्या बाजूला रोवायची. दोन, पलंग मागच्या शिवणाच्या खोलीत न्यायचा, त्याचे फोटो काढायचे आणि कॉलेजला पाठवायचे. मी दोन्हींना हो म्हटलं.

पेटी त्यांनी त्याच दुपारी उपटली आणि आमच्या अंगणात सिमेंट घालून पक्की केली. टपालवाल्याने ती पाहिली, मान हलवली आणि निघून गेला. त्याची गाडी त्या बाजूने जात नाही, आणि तीन पावलं चालणं त्याच्या नियमात बसत नाही. वर्लिननी त्याच्याशी बोलून तोडगा काढला, पण तो काय काढला हे मला पंधरा दिवसांनी कळलं.

मग दहा दिवसांनी पलंग. तो ओकच्या लाकडाचा आहे. लायलने तो लग्नानंतर त्या खोलीतच बसून जोडला, त्यामुळे दारातून तो कधी गेलाच नव्हता. लायल म्हणाला, खोलायची गरज नाही, तिरका केला की निघेल. वर्लिन पुढून दिशा सांगत होते, लायल मागून उचलत होता, मी गादी धरून उभी होते. पलंग तिरका झाला. अर्धा दाराबाहेर आला. आणि तिथे, नेमका बोळात, बसला. पुढे जाईना, मागे येईना. वर्लिननी मोजलं आणि सांगितलं की पाऊण इंच कमी पडतोय. त्या माहितीचा आम्हाला काही उपयोग नव्हता. लायलने दात-ओठ खाऊन एक जोराचा हिसका दिला. पलंग तसूभर हलला नाही. लायल मात्र हलला. एक बारीक आवाज काढून तो हळूहळू खाली बसला, मग आडवा झाला, आणि तिथल्या तिथे राहिला.

पाठ. डॉक्टरांनी सांगितलं, कडक जमिनीवर सपाट पडून राहायचं, दहा दिवस. म्हणजे एक पलंग बोळात आडवा, एक नवरा दिवाणखान्यात आडवा, आणि न्हाणीघरात जायचं तर मला रोज पलंगावरून चढून पलीकडे उतरायचं. त्रेपन्नाव्या वर्षी. झोपायच्या वेळेचे कपडे घालून. लायलचं डोकं खडूच्या रेघेच्या अलीकडे आणि पाय पलीकडे होते. तो म्हणायचा, मला पायांची फी तिप्पट पडेल.

पाचव्या दिवशी दुपारी वर्लिन आले. हातात पत्रांचा गठ्ठा. तोडगा तेव्हा कळला. आमचं सगळं टपाल पंधरा दिवस त्यांच्या पेटीत पडत होतं, आणि ते त्यांनी गॅरेजमध्ये एका खोक्यात 'व्यवस्थित' ठेवलं होतं. त्यातली कॉलेजची पत्रं त्यांनी उघडलीही होती. वेळ वाचावा म्हणून, ते म्हणाले.

"चांगली बातमी," वर्लिन म्हणाले आणि चष्मा लावून वाचायला लागले. मिस प्रुइटचं पत्र. मी पाठवलेली घरपट्टीची पावती पुरेशी होती, मी ओहायोची रहिवासी आहे, कमी फी मंजूर. तारीख होती पलंग हलवण्याच्या चार दिवस आधीची.

जमिनीवरून लायल छताकडे बघत राहिला.

"आणि हे दुसरं," वर्लिननी पान उलटलं. त्यांना वाचनाचा वेग सापडला होता. "आपल्या पूर्वीच्या नावाने, म्हणजे ट्विला होखस्टेटलर या नावाने, १९८९च्या सप्टेंबरमधली आमच्या कॉलेजची नोंद सापडली आहे. विषय चार. चारही विषयांत नापास. सरासरी शून्य पूर्णांक शून्य. सबब आपला प्रवेश रोखून..."

इथे त्यांना समजलं की आपण काय वाचतोय. ते थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग आयुष्यात पहिल्यांदाच काहीही न सुचवता पत्र टेबलावर ठेवून ते निघून गेले. जाळीचं दारसुद्धा त्यांनी हाताने धरून हळू लावलं.



"तू कॉलेजला गेली होतीस?" लायलने विचारलं.

मी म्हटलं, सहा आठवडे.

"मला का नाही सांगितलंस?"

लायलने मला लग्नाआधीच सगळं सांगून टाकलं होतं. गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास झाला ते, भावाचा ट्रॅक्टर तळ्यात घातला ते, सगळं. तो तसाच आहे, खिसे उलटे करून दाखवणारा. आणि मी बत्तीस वर्षं सांगत आले की आम्हाला कॉलेज परवडलं नाही. खोटं होतं ते. बाबांनी दोन गाई विकून पैसे भरले होते.

मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसले आणि सांगितलं. सांगण्यासारखं फार नव्हतं. कुणी छळलं नाही, आजारी पडले नाही, प्रेमभंग झाला नाही. वसतिगृहातली खोली होती, खोलीतली मुलगी बरी होती. मला फक्त घरची आठवण यायची. पोटात कळ यावी तशी. वर्गात बसले की खिडकीतून पार्किंग दिसायचं आणि मी तिथल्या गाड्या मोजायची. सहाव्या आठवड्यात एका शुक्रवारी मक्याच्या कापणीला म्हणून घरी आले आणि परत गेले नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. मी रोज वाट बघत होते की कॉलेजातून कुणीतरी फोन करेल, विचारेल, कुठे आहेस? कुणी विचारलंच नाही. नाव काढायचंही असतं, हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी वर्षभर माझं नाव पुकारलं असेल आणि शेवटी चार शून्यं लिहून वही मिटली असेल. बाबांनी गाईंचा विषय कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

लायल ऐकत होता. मग म्हणाला, "एकोणनव्वदचा ऑक्टोबर?"

"हो."

"त्याच ऑक्टोबरात धान्याच्या कोठारावर तू मला भेटलीस. मक्याच्या ट्रकवर बसली होतीस."

"हो."

"मग त्या चारांतला एक नापास माझा आहे," तो म्हणाला. "पण सांगायला हवं होतंस, ट्विला." आणि मान वळवायला गेला, पाठीत कळ आली, म्हणून परत छताकडे बघायला लागला. तो दुखावला होता. दोन दिवस फोन वाजला तरी त्याने उचलला नाही.

मिस प्रुइटच्या पत्रात शेवटी एक वाट दाखवली होती. फार जुने गुण माफ करण्यासाठी समितीकडे अर्ज करता येतो. अर्जात 'त्या वेळची असाधारण परिस्थिती' लिहायची. माझी अडचण अशी होती की परिस्थिती अगदीच साधारण होती. ग्लेंडा म्हणाली, अपेंडिक्स लिही, छत्तीस वर्षांनी कोण पोट उघडून बघणार? वर्लिन तीन दिवस फिरकले नाहीत, चौथ्या दिवशी रूबार्बच्या आंबट देठांचा 'पाय', म्हणजे भाजलेला गोड पदार्थ, घेऊन आले, तो दुकानातला होता, आणि दारातच उभं राहून म्हणाले की एकोणनव्वदला नदीला पूर आला होता का ते शोधून देतो. मी म्हटलं, नको. पहिला अर्ज मी सहा पानी लिहिला. त्यात कॉलेजला, बाबांना, मक्याला, सगळ्यांना थोडं थोडं दोषी धरलं होतं. दुसरा तीन पानी. तिसऱ्यात फक्त झालं ते लिहिलं, आणि ते अर्ध्या पानात मावलं.

जुलैची तीस तारीख उजाडली तरी उत्तर नाही. मी गाडी काढली आणि स्वतःच गेले. या ऑनलाइन कॉलेजात माझी ती चौथी फेरी होती.

मिस प्रुइट मला वाटल्या होत्या त्यापेक्षा लहान निघाल्या, चाळिशीच्या, टेबलावर कॅक्टसची तीन रोपं. समिती सुट्टीवर होती. अर्ज त्यांच्याच पुढ्यात पडला होता. त्यांनी तो माझ्यासमोर पहिल्यांदा वाचला, आणि अर्धं पान वाचायला जेवढा लागावा त्यापेक्षा बराच जास्त वेळ घेतला.

"खरंच कुणी फोन केला नाही तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मी तेव्हा पहिलीत होते," त्या म्हणाल्या, जणू काही तोच काय तो त्यांचा बचाव होता. मग त्यांनी खणातून शिक्का काढला. समितीच्या अनुपस्थितीत तात्पुरती मंजुरी द्यायचा अधिकार त्यांना होता. तो त्यांनी आजवर वापरला नव्हता असं शिक्क्याच्या शाईवरून दिसत होतं. दोनदा उमटला नाही. तिसऱ्यांदा त्यांनी उभं राहून दाबला.

एकतीस जुलैला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी प्रवेशाचा कागद घेऊन ट्रेव्हर लीचच्या कार्यालयात गेले. इस्त्रीचा ब्लाऊज घातला होता. चार महिने मनात एक वाक्य घोळवत होते, ते म्हणायचं आणि कागद टेबलावर ठेवायचा. ट्रेव्हर उठून उभा राहिला. त्याने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि त्याचे कान लाल झाले. दुसरीत असतानाही असेच व्हायचे.

"ट्विला मॅडम, तुम्हाला ईमेल मिळाला नाही का?" तो म्हणाला. "मंडळाने नियम पुढे ढकललाय. दोन वर्षं. कंपनीचा आकडाही फार आला, ते काम आपण सोडून दिलं. तुम्ही आहात तशाच राहा."

मी कागद परत घेतला आणि माझं वाक्य न म्हणताच बाहेर पडले. ईमेल गुन्हेशास्त्रवाल्यांच्या चारशे ईमेलांखाली गाडला गेला होता, हे नंतर कळलं. मी गाडीत जाऊन बसले आणि किल्ली न फिरवता दहा मिनिटं बसून राहिले. हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. स्वयंपाकघर माझंच राहणार होतं, टोप भंगारात जाणार नव्हते. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी चुळबुळत होतं, आणि ते राग नव्हता. हातातल्या कागदावर छापलं होतं, ट्विला ब्रुबेकर, विद्यार्थिनी. आठ दिवसांत नाव काढलं तर फी परत, असंही छापलं होतं. या वेळी नाव कसं काढायचं ते मला नीट माहीत होतं.

घरी गेल्यावर लायलने विचारलं, काय झालं? एका दुखावलेल्या माणसापासून आणखी एक गोष्ट लपवायची माझ्यात हिंमत नव्हती. मी सगळं सांगितलं. तो चालायला लागला होता, काठी घेऊन. त्याने फक्त एवढंच विचारलं की वर्ग कधी सुरू होतात.

ऑगस्टच्या शेवटी सुरू झाले. कॉम्प्युटर मी शिवणाच्या खोलीत ठेवला. पलंग शेवटी करवतीने दोन तुकडे करून बोळातून काढावा लागला होता आणि नवा मिळेपर्यंत आम्ही पाहुण्यांच्या सोफ्यावर निजत होतो, त्यामुळे ती खोली रिकामीच होती. रोज चारला शाळेतून यायचं, पाचला शिकायला बसायचं. पहिल्या निबंधाला शंभरात अठ्ठावन्न मिळाले. विषय होता, 'मी आणि माझे काम'. माझ्याच कामात मी काठावर पास झाले होते. शिक्षिकेने लिहिलं, वाक्यं फार लांब आहेत आणि मध्येच विषय सोडता. (हे कुणीही माझ्याशी पाच मिनिटं बोललं तर सांगेल, त्याला फी कशाला?)

मग गणित आलं. दहा माणसांची पाककृती तीनशे ऐंशी माणसांना करा. हे मी झोपेत करते. पण ते हाताने करते, डोळ्याने करते, टोपाच्या कडेवरून करते. त्यांना ते अपूर्णांकांत हवं होतं, पायऱ्या दाखवून. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी त्याची चाचणी होती. वीस प्रश्न, चाळीस मिनिटं. चौथ्या प्रश्नावर माझं उत्तर आलं की तीनशे ऐंशी मुलांना अकराशे किलो मीठ लागेल. मी परत केलं. आता दोन चमचे. खिडकीबाहेर रस्त्यावरून मक्याचा ट्रक गेला, आणि पोटात ती कळ आली. तीच. इतक्या वर्षांनी मला ती ओळखू आली याचंच आश्चर्य वाटलं. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं. मी उठले, पर्स घेतली, गाडीची किल्ली घेतली आणि बाहेर पडले.

लायल पायऱ्यांवर बसला होता. शुक्रवारी तो सहाशिवाय येत नाही, त्या दिवशी साडेचारलाच आला होता आणि बुटांना तेल लावत बसला होता, जे तो कधीच लावत नाही. त्याने माझ्या हातातली किल्ली बघितली.

"कुठे निघालीस?"

"घरी," मी म्हटलं.

म्हटलं आणि पायरीवरच थांबले. लायलने बूट खाली ठेवला. अंगणाकडे बघितलं, मग दाराकडे, मग माझ्याकडे. हसला नाही. फक्त थोडा बाजूला सरकला, जेवढी जागा एका माणसाला आत जायला लागते तेवढी.

सोळा प्रश्न उरले होते आणि एकोणीस मिनिटं. मी पर्स न ठेवताच परत कॉम्प्युटरसमोर बसले.